चांदमारीवरचं गवत

वायंगणकर मास्तर पोलिसांचे खबरे आहेत, हे आमच्या चाळीत पहिल्यांदा मी बोललो. ते खोटं होतं, आणि बोलताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मास्तरांच्या तऱ्हा वाचून तुम्हाला हसू आलं, तर हा माणूस कोणी मोडला हे ठाऊक असूनच तुम्ही हसाल.

तऱ्हा मात्र हसण्यासारख्याच होत्या. मास्तर जिन्यात भेटले की नमस्कार नाही, 'काय कसं काय' नाही. सरळ म्हणायचे, "आ करा."

आपण काही विचारायच्या आत आपली हनुवटी त्यांच्या चिमटीत असायची. ती उजेडाकडे वळवायची, खालचा ओठ अंगठ्याने दुमडायचा, हिरड्यांवरून डोळे फिरवायचे आणि "छान" म्हणून निघून जायचं. दूधवाला, पोस्टमन, नवीन लग्न होऊन आलेली सून, कोणाची सुटका नव्हती. एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे एक वक्ते चाळीत सभेला आले होते. मास्तर पुढे होऊन "आ करा" म्हणाले. वक्त्यांना वाटलं, पेढा भरवतायत. त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं, आणि पेढा येईना तेव्हा एक डोळा उघडून पाहिलं. मास्तर खिशातला आरसा काढून त्यांच्या दाढा बघत होते.

"शोधता तरी काय, मास्तर?" मी एकदा विचारलं.

"रेघ."

"कसली?"

"निळी. तुम्हाला नाही. जा तुम्ही ऑफिसला."

मी परळच्या एका गिरणीत कारकून. मास्तर एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे प्रोफेसर बोलणार आणि हे बरण्या मांडणार. उंच, किडकिडीत. कोटाचा डावा खिसा कायम ओला, कारण त्यात ओल्या कापसात गुंडाळलेली मुळं असायची. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली त्यांची. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची आई.

त्यांच्या दारापुढच्या गॅलरीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या रांगेने मांडलेल्या असत. प्रत्येक बरणीच्या तोंडावर एक कांदा बसवलेला आणि खाली पाण्यात त्याची पांढरी दाढी लोंबलेली. एका बरणीत साधं पाणी, दुसरीत मोरचूद, तिसरीत शिशाचा क्षार, चौथीत गिरणीच्या रंगखात्यामागच्या गटाराचं पाणी. चाळीत त्यांना कांदेमास्तर म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "कांदा हा फार प्रामाणिक प्राणी आहे," एवढंच ते म्हणत.

पानांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कोणी कुंडीतली तुळस किती तरारलीय म्हणून दाखवली, की मास्तर मान हलवायचे. "पान खोटं बोलतं हो. मुळाला विचारा." आणि मुळाला विचारायचं म्हणजे रोप उपटायचं. त्यामुळे बायका मास्तर येताना दिसले की तुळशीवर पदर घालत.

आमच्याकडे एकदा जेवायला बोलावलं होतं. बायकोने मुळ्याची कोशिंबीर केली होती. मास्तरांनी ताटातली कोशिंबीर बोटाने बाजूला केली.

"वहिनी, हा मुळा कुठला?"

"बाजारातला."

"बाजाराच्या आधी कुठला?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मास्तर म्हणाले, "रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर लावतात, त्यातला असेल तर पाला त्यातल्या त्यात बरा. मूळ नको. पाल्याची भाजी नाही का?"

पाला कचऱ्यात गेला होता. मास्तर वरणभात जेवले. त्यांच्या आई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी स्वतःची कोशिंबीर संपवली, मुलाची ओढून घेतली आणि बायकोला म्हणाल्या, "माजो झील येडो आसा गो. पण वाईट नाय हां."

संध्याकाळी मी पुष्कळदा त्यांच्या गॅलरीत जाऊन बसायचो. खरं सांगायचं तर ऐकायला नाही, चहाला. आई चहा फार छान करायच्या. पण मास्तर बोलायचे ते कानावर पडायचं, आणि आज वाटतं की मला त्यांचं जेवढं कळलं होतं तेवढं चाळीत दुसऱ्या कोणालाच कळलं नव्हतं. म्हणून माझा गुन्हा मोठा.

"शिसं पाण्यातून आलं की मूळ काय करतं?" ते बरणी उजेडात धरून सांगायचे. "पहिलं म्हणजे वाढ थांबवतं. हे बघा, टोक आखडलं. जाडं झालं, काळवंडलं. का? तर दाराशीच बंदोबस्त करायचाय. पेशीच्या भिंती असतात, त्या शिशाला धरून ठेवतात. आपल्या चाळीच्या दारात गावडे बसतो की नाही, नव्या माणसाला 'कोणाकडे?' विचारल्याशिवाय सोडत नाही, तसं."

"आणि गावडे झोपला असेल तर?"

"तर बाहेर आंबट काहीतरी सोडतं. लिंबातलं असेल, चिंचेतलं असेल, ते मला अजून सापडायचंय. माझा तर्क आहे की हे आंबट शिशाला मिठी मारतं आणि बाहेरच थोपवतं. तरीही जे आत शिरलं, त्याला गंधकाचं काहीतरी बांधून टाकत असावं. बांधायचं आणि पेशीतल्या पोटमाळ्यावर नेऊन ठेवायचं. घरात राहणाऱ्यांना त्याचा त्रास नको." बरणी खाली ठेवून ते मुळाकडे बघत राहायचे. "आणि वर पान मजेत डोलत असतं. त्याला पत्ताच नाही."

गावडे म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा साचेवाला, गिरणीत मागावर काम करणारा. आवाज असा की मागाच्या खडखडाटातही ऐकू जावा. तो खालून ओरडायचा, "मास्तर, मुळाचा घाम तपासताय ना, मग एकदा आमचाही तपासा! चार साच्यांचा आहे!"

"तुमचा खारट," मास्तर गंभीरपणे उत्तर द्यायचे. "मला आंबट पाहिजे."

कल्हईवाल्याशी त्यांचं कायमचं वैर. कथलात शिसं मिसळतो असा त्यांना संशय. तो भाता घेऊन अंगणात बसला, की मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसून राहायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. तासाभराने तो घामाघूम व्हायचा आणि "सेठ, आप ही कर लो" म्हणून भाता त्यांच्याकडे सरकवायचा. शेवटी त्याने आमच्या चाळीत यायचंच सोडलं. महिनाभर बायकांनी आंबट वरण मातीच्या भांड्यात केलं आणि मास्तरांना पोटभर शिव्या दिल्या.

मग त्यांनी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी गवताचा विषय घेतला. बरणीतला कांदा शिशात काही दिवस टिकतो आणि मरतो. पण पिढ्यान् पिढ्या शिशातच जगलेलं एखादं गवत असेल, तर त्याच्या मुळाने काय युक्ती काढली असेल? असं गवत मिळायचं कुठे? मास्तरांच्या डोक्यात आलं, पोलिसांची चांदमारी. जिथे शिपाई निशाणबाजी शिकतात, तिथल्या मातीच्या बांधात वर्षानुवर्षं गोळ्या रुतलेल्या. म्हणजे शिसंच शिसं. आणि त्यावर हरळी हिरवीगार.

आता चांदमारीत शिरायचं तर परवानगी हवी. मास्तर नायगावला पोलिसांच्या वस्तीत जाऊ लागले. एका हवालदाराला गाठलं, त्याच्याबरोबर चहा प्यायले, त्याचीही हिरडी तपासली असणार. त्याने वरच्या साहेबाकडे नेलं. साहेबाला वाटलं, वेडा आहे, निरुपद्रवी आहे. परवानगी मिळाली. मास्तर पिशव्या भरभरून ती माती आणि ती हरळी घेऊन आले. गॅलरीत कुंड्यांची रांग लागली. शेजारी मैदानावरून आणलेली साधी हरळी. दोन्हींना शिशाचं पाणी. साधी मान टाकायची, चांदमारीवरची ताठ उभी.

एका संकष्टीला आईंनी नेमकी चांदमारीच्या कुंडीतली हरळी गणपतीला दूर्वा म्हणून खुडली. मास्तर कॉलेजातून आले ते ओरडतच. "आई, ती विषारी आहे! मुळाला शिसं आहे!"

"मूळ खंय घेतलंय मी? शेंडो घेतलो," आई शांतपणे म्हणाल्या. "तूच सांगतंस मा, विष मुळात ऱ्हवता म्हणान?"

प्रबंधाच्या परीक्षकांनीसुद्धा मास्तरांना इतकं अडचणीत आणलं नसतं.

हे सगळं हसण्याचं. आता जे सांगायचं ते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे आमच्या चाळीतलं शेंबडं पोरही म्हणायचं. रोज सभा, मोर्चे, हरताळ. आणि मग गोळीबार झाला. त्या दिवशी चाळीतले बहुतेक पुरुष रस्त्यावर होते. मी नव्हतो. मी सकाळीच पोट धरून बसलो. बायकोला म्हटलं, मुरडा आलाय. दुपारी खाली धावपळ ऐकू आली, कोणीतरी जिन्याने धडधडत वर आलं, तेव्हा मी पोटमाळ्यावर चढलो आणि गाद्यांच्या मागे बसलो. अंधार पडल्यावर बायको खालून म्हणाली, "उतरा आता. कोणी नाही." ती यावर पुढे कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गावडेला मांडीत गोळी लागली. महिनाभराने तो इस्पितळातून काठी टेकत आला, तेव्हा अंगणात त्याच्यासाठी सगळे जमले. गावडे खुर्चीवर बसून एकेकाला विचारत होता. थट्टेतच, पण डोळे थट्टेतले नव्हते.

"तू होतास ना रे माझ्या मागे? तुझी चप्पल मिळाली का? आणि तू रे? पळताना पहिला होतास, मी बघितलं!" लोक हसत होते. मग नजर माझ्यावर आली. "काय सामंत, तू कुठे होतास रे? दिसला नाहीस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, माझ्या केसांत अजून कापूस आहे.

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "वायंगणकर मास्तरांना विचार. नायगावला पोलिसांबरोबर चहा कोण पितं? चांदमारीत कोणाला आत सोडतात? तुला आणि मला सोडतील?"

मास्तर तिथे नव्हते. मला कोणी पुन्हा विचारलं नाही की मी कुठे होतो.

एवढंच बोललो मी. बाकीचं चाळीने केलं. मास्तर नळावर आले की बादल्या बाजूला सरकायच्या. "आ करा" म्हटलं की लोक दात आवळून पुढे जायचे. कोणी त्यांच्या दारावर कोळशाने एक शब्द लिहिला. आईंनी तो तीनदा पुसला. वाचता येत नव्हतं त्यांना, पण पुसायला लागतो एवढं कळलं होतं. मी गॅलरीत चहाला जायचं बंद केलं.

आणि एका दुपारी मास्तर कॉलेजात असताना कुंड्या आणि बरण्या खाली अंगणात फेकल्या गेल्या. कोणी फेकल्या ते मला माहीत आहे. नावं सांगत नाही. त्यांच्या हातात बरणी मीच दिली होती.

मास्तर आले ते थेट अंगणात बसले. काचांतून एकेक गवताचं मूळ उचलायचं आणि नळाखाली धुवायचं. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. सगळी चाळ गॅलऱ्यांतून बघत होती. आता हे ओरडतील, रडतील, असं वाटत होतं. मास्तरांनी वर बघितलं आणि म्हणाले, "पोरांना आज खाली सोडू नका. काच आहे. आणि या मातीला ज्याचा ज्याचा हात लागला असेल, त्याने साबणाने धुवा. जेवायच्या आधी."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते शीवला राहायला गेले. हातगाडीवर एक ट्रंक, दोन गाद्या आणि वर बसवलेल्या आई. गाडीला हात लावायला कोणी पुढे झालं नाही. माझी बायको तेवढी खाली गेली. मी घरात दाढी करत होतो. सकाळीच एकदा झालेली होती.

प्रबंध राहिला. चांदमारीची परवानगी पुन्हा मिळाली नाही. मास्तर डेमॉन्स्ट्रेटरच राहिले.

बायको अधूनमधून शीवला जायची. कुठे जातेस हे मी विचारत नसे, कारण मला ठाऊक होतं. एकदा येऊन ती भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता बोलली. मास्तरांना एक मोठा भाऊ होता, बाळा. गिरगावात छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, पाडायच्या कारखान्यात शिसं वितळवायचा. त्याच्या पोटात कळा यायच्या, मग मनगटं लुळी पडली. घरच्यांना वाटलं, कोणी करणी केली. गावाला नेऊन अंगारे-धुपारे केले. आई त्याला हाताने भरवायच्या. तो गेल्यावर पुढे कधीतरी मास्तरांनी एका डॉक्टरकडून ऐकलं की हिरडीवर निळी रेघ दिसते. दिसली की माणसाला त्या कामावरून काढायचं, म्हणजे वाचू शकतो. मास्तर आईंना म्हणाले होते, "रोज समोर बसून जेवलो ग मी. एकदाही त्याच्या तोंडात बघितलं नाही."

"आणि गावडेची बायको काय सांगत होती माहितीय?" बायको पुढे म्हणाली. गावडेच्या मांडीत गोळीचा तुकडा तसाच राहिला होता. काढला असता तर पाय गेला असता. मास्तरांना हे कळल्यापासून ते दर महिन्याला गिरणीच्या दाराशी येऊन उभे राहायचे. शीवहून. पाळी सुटली की गावडेला आडवे जायचे. गावडे चारचौघांत त्यांच्या आईबहिणीचा उद्धार करायचा. आणि मास्तर म्हणायचे, "शिव्या द्या हो. पण तोंड मोठं उघडून द्या. हिरडी दिसली पाहिजे."

मी हसलो. मग मला हसता येईना.

तरीही मी गेलो नाही. उद्या जाऊ, असं म्हणत वर्षं घालवली. शेवटी राज्य व्हायचं ठरलं. चाळीत रोषणाईची तयारी सुरू झाली, पताका कापायला पोरं आमच्याच घरात बसली. बायको म्हणाली, "म्हातारी विचारत होती, चाळीत दिवे लावणार का म्हणून. तिला बघायचेत."

दुसऱ्या दिवशी मी शीवला गेलो. मास्तर घरामागच्या वीतभर जागेत माती चाळत होते. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी हात पुसले.

"मास्तर, ते मी बोललो होतो," मी म्हणालो.

"माहितीय."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात कळलं. चाळीत काही लपून राहतं का?"

"मग मला कधी काही बोलला नाहीत?"

"तुम्ही फार घाबरला होता, सामंत. गॅलरीत यायचं बंद केलंत, तेव्हाच ओळखलं. मला वाटलं, भीती गेली की याल." मग म्हणाले, "संध्याकाळचा चहा आई बरेच दिवस तीन कप टाकायची. नंतर तिच्या लक्षात आलं की तिसरा ओतून द्यायला लागतो."

मी हात जोडून म्हणालो, "मला माफ करा."

मास्तरांनी मान हलवली. "इथे नको. इथे मी आणि ही माती. बोललात चाळीत ना? मग चाळीत म्हणा. आई चार वर्षं म्हणतेय, माका एकदा लालबागाक ने. मी कसा नेऊ तिला? तिच्या तोंडावर कोणी काही बोललं तर?" आवाज चढला नव्हता. "माझं काही नाही हो. तेवढं बघा."

राज्य झालं त्या संध्याकाळी चाळीचं अंगण दिव्यांनी भरलं होतं. फळीचं व्यासपीठ, मागे नकाशा, त्यात मुंबई लाल रंगाने. चळवळीत उतरलेल्यांना नारळ द्यायचे होते. गावडे काठी टेकत एकेक नाव पुकारत होता. मी निरोप पाठवला होता, आणि मला दाराशी फुटपाथवर मास्तर दिसत होते. त्यांनी आईंचा दंड धरला होता. ते आत आले नव्हते.

"सामंत!" गावडे ओरडला. "ये रे, लाजतोस काय?"

इतक्या वर्षांत मी कुठे नव्हतो हे सगळे विसरले होते. टाळ्या पडल्या. मी फळीवर चढलो. गावडेने नारळ पुढे केला. मी तो घेतला नाही. बायको पहिल्या रांगेतून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"हा नारळ माझा नाही," मी म्हणालो. "गोळीबाराच्या दिवशी मी घरात लपून बसलो होतो. गावडेने विचारलं तेव्हा मला ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी वायंगणकर मास्तरांचं नाव घेतलं. ते खबरे नव्हते. ते चांदमारीत गवत आणायला जायचे, आणि हे चाळीत मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी खोटं बोललो. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

गावडेच्या हातात नारळ तसाच होता. मी दाराकडे तोंड केलं, तशी सगळ्यांची डोकीही तिकडे वळली.

"मास्तर," मी म्हणालो, "सगळ्या चाळीसमोर तुमची माफी मागतो. आई, तुमचीही."